दर्शन आणि रक्षण : किनाऱ्यावरील क्षेत्राचा एक न लिहिलेला इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, सभामंडप आणि दीपमाळ यांची चर्चा प्रथम होते, आणि ते साहजिकच आहे. गाभाऱ्याचा चिरा कोणी दिला, घंटा कोणी वाहिली, फरशी कोणाच्या स्मरणार्थ घातली, याची नोंद स्मरणिकेत होतेच. तथापि प्रत्येक देवस्थानाला आणखी एक इतिहास असतो. यात्रेला आलेला माणूस सुखरूप घरी परतावा म्हणून गावाने काय काय केले, कोठे कमी पडले आणि त्यातून काय शिकले, तो हा इतिहास होय. त्याचा शिलालेख कोठे आढळत नाही. किनाऱ्यावरील गावांच्या बाबतीत तर तो विशेष महत्त्वाचा आहे. कारण येथे एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास रोगराईचे भय आणि समोर दर्शनाच्या ओढीने आलेला भाविक, या तिहींचा मेळ गावाला एकाच वेळी घालावा लागतो.

रायगड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र हरिहरेश्वर आणि त्याच्या आसपासचा किनारा हे या दृष्टीने मननीय उदाहरण आहे.

क्षेत्र आणि त्याचे दाते

श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून जेथे समुद्रास मिळते, त्या मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर वसले आहे. खाडीच्या दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या कुशीतले हे स्थान 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. येथे दर्शनाचा क्रम परंपरेने ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव. क्षेत्रपालाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये आणि त्याला सांगितल्याशिवाय परतू नये, असा त्यातला भाव. क्षेत्रात कोण आले आणि कोण गेले याची खबर ठेवणारा कोणीतरी असला पाहिजे, ही शिकवण पूर्वजांनी देवाच्या नावाने घालून दिली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

श्रीवर्धनच्या भट घराण्याचे हे कुलदैवत. या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या अंमलातून निघून घाटावर गेले आणि पुढे छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे झाले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७२३ च्या सुमारास या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला, असे सांगण्यात येते. पोटापाण्यासाठी वा परिस्थितीमुळे गाव सोडून गेलेल्या घराने सुस्थितीत आल्यावर गावच्या देवाचे ऋण फेडावे, ही कोकणची रीत किती जुनी आहे ते यावरून दिसते. आज मुंबईच्या चाळीतून अथवा परदेशातून येणारी देणगी ही त्याच रीतीची पुढची पायरी होय. पुढे दीर्घकाळ हा मुलूख जंजिरा संस्थानात राहिला आणि १९४८ साली संस्थानाच्या विलीनीकरणानंतर स्वतंत्र भारतात आला.

प्रदक्षिणेचा मार्ग आणि तिथीचे गणित

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा इतर देवळांसारखी दगडी ओवरीतून होत नाही. ती टेकडीवर चढते, कातळातल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्राच्या खडकांवर येते. लाटांनी हजारो वर्षे घासून काढलेला काळ्या कातळाचा सपाट ओटा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पडलेली भोके, आणि कपारीत असलेली तीर्थे, असे हे दृश्य पाहून नवखा माणूस भान हरपतो. धोका नेमका येथेच आहे. हा मार्ग ओहोटीच्या वेळी मोकळा असतो आणि भरती चढू लागली की पाण्याखाली जातो. शेवाळलेल्या खडकावरून पाय घसरून अथवा अचानक आलेल्या लाटेने ओढले जाऊन येथे भाविक दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यातील बहुतेकांना पोहता येत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. खडकावर आपटणाऱ्या लाटेपुढे पोहणे उपयोगी पडत नाही.

गावच्या माणसाला हा मार्ग केव्हा चालावा हे कोणी शिकवावे लागत नाही, कारण कोळी आणि खारवी समाजाचे जुने गणित त्याच्या कानावर लहानपणीच पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता साधारणपणे पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा वाजता. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे येते ती उधाणाची भरती. तेव्हा पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास असतो तो भांग; तेव्हा चढउतार कमी. हे गणित ठोकळ आहे. जागेजागी त्यात तासाभराचा फरक पडतो, आणि नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत हे उत्तम. परंतु हातात पंचांग असलेल्या कोणालाही सावध करण्यापुरते ते पुरेसे आहे.

आता हेच गणित उत्सवांच्या दिवसांना लावून पाहावे. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस येते. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे ज्या दिवशी शिवक्षेत्रात वर्षातील सर्वांत मोठी गर्दी, त्या दिवशी ऐन दर्शनाच्या वेळी उधाणाचे पाणी चढलेले असते. ओहोटी लागते ती पहाटे साडेचारच्या अंधारात आणि दुपारी साडेचारच्या सुमारास. बाहेरगावचा भाविक मात्र सकाळी स्नान करून, रांगेत उभा राहून, दहा-अकरा वाजता प्रदक्षिणेस निघतो! काळभैरव जयंती कार्तिक वद्य अष्टमीस. त्या दिवशी भरती सकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी मध्यान्ही, त्यामुळे दुपारची प्रदक्षिणा त्या मानाने सोयीची. पण भांगाची ओहोटी असल्याने पाणी फारसे आत जात नाही, म्हणून तेव्हाही जपूनच चालावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्यास अंगारकीला जमणारा समुदाय पाहा. चतुर्थीची भरती दुपारी तीनच्या आसपास. त्यानंतर रात्री नऊपर्यंत पाणी ओसरत असते. चंद्रोदयाची वाट पाहणारे लोक संध्याकाळी पाण्यात उतरतात ते नेमके ओसरत्या पाण्यात, आणि ओसरते पाणी माणसाला आत ओढते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. देवाच्या तिथी आणि समुद्राच्या वेळा एकाच चंद्रावर चालतात. म्हणून कोणत्या सणास धोका केव्हा आहे हे वर्षभर आधी सांगता येते. जे आधी कळते त्याला दैव म्हणून हात झटकता येत नाहीत.

जलमार्गाने आलेली साथ

रस्ते होण्यापूर्वी कोकणचा सारा व्यवहार गलबते आणि पुढे आगबोटी यांवर चाले. चाकरमानी त्याच वाटेने शिमग्याला आणि गणपतीला येत. तीच वाट रोगाचीही होती. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ पुढच्याच वर्षी मुंबईपर्यंत पोहोचली. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली, आणि तेव्हापासून सरकार यात्रांकडे संशयाने पाहू लागले. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो हे रॉबर्ट कॉख यांच्या १८८३-८४ मधील इजिप्त आणि कलकत्ता येथील संशोधनानंतर हळूहळू सर्वमान्य झाले. यात्रेच्या गावी एकाच विहिरीवर शेकडो घागरी बुडतात, तिच्याच काठी आंघोळी आणि धुणी होतात, आणि शौचाची सोय नसल्याने पावसाचे पहिले पाणी सारी घाण विहिरीत आणून सोडते, हे दुखण्याचे मूळ होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. मुंबई ओस पडू लागली आणि गावोगावी माणसे परतली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. प्रवाशांची तपासणी, संशयितांना अलग ठेवणे, घरांची झडती असे अधिकार सरकारला मिळाले. वॉल्डेमार हाफकिन यांनी त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. हडपसरजवळच्या मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

उपाय आवश्यक असूनही ते ज्या रीतीने राबविले गेले त्यामुळे लोक बिथरले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात, देवघरात, माजघरात शिरून केलेल्या झडत्यांचा संताप इतका अनावर झाला की २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लोकांनी रोगी लपविले, घरे सोडून पळ काढला, आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही पळाला. याउलट ज्या गावांनी आपण होऊन घरे रिकामी केली आणि माळावर झोपड्या बांधून राहिले, त्यांचा पुष्कळ बचाव झाला. कारण प्लेग उंदराच्या पिसवांपासून होतो, आणि घर सोडले की उंदरांची सोबत सुटते. गावाच्या हिताचे बंधन बाहेरून लादले तर लोक त्याला चुकवितात, आणि गावाने आपले मानले तर तेच बंधन व्रतासारखे पाळले जाते.

आचऱ्याची गावपळण

व्रतासारखे बंधन पाळण्याचे कोकणातील ठळक उदाहरण मालवण तालुक्यातील आचरे या किनाऱ्यावरील गावाचे. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की ठरावीक वर्षांनी गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री सारा गाव वेशीबाहेर राहतो. म्हातारेकोतारे, तान्ही मुले, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, सर्व बरोबर. माडाच्या झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजने होतात. गावातील सर्व जातींची माणसे आणि मुसलमान कुटुंबेही यात सहभागी होतात. तीन दिवसांनी पुन्हा कौल घ्यावयाचा आणि देवाने होकार दिला तरच परतावयाचे. शेजारच्या चिंदर आणि वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी श्रद्धावंत एक सांगतात आणि अभ्यासक दुसरे. गाव काही काळ मोकळा राहिल्याने रोगराईची साखळी तुटावी, हवापाणी शुद्ध व्हावे, हा त्यातील मूळ हेतू असावा असे काहींचे मत आहे. उगम कोणताही असो, प्रथेतून दिसणारी शिस्त मोठी आहे. गावाने स्वतःचा दरवाजा स्वतः बंद करावा, तो सर्वांना सारखा लागू असावा, आणि उघडण्याची वेळही आधीच ठरलेली असावी. श्रीमंताला वेगळा न्याय नाही आणि गरिबाला वेगळा नाही. म्हणूनच ती टिकली.

सावित्रीच्या वरच्या अंगाला

बंधन सर्वांना सारखे नसेल तर काय होते, याची साक्ष हरिहरेश्वरास समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्याच काठी, वरच्या अंगाला महाडास मिळते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला, आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी प्रत्यक्षात बंदी चालूच होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर काही मंडळींनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. ज्या पाण्यावर गुरेढोरे मोकळी येत होती त्या पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळून ते शुद्ध झाले असे मानण्यात आले! हा वाद पुढे न्यायालयात गेला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान याच कोकणात, रत्नागिरीस, १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने सर्व हिंदूंना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले होते.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. स्वच्छता आणि सोवळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्यासाठी घातलेला नियम पाण्यातील जंतूकडे, पायरीवरील शेवाळाकडे आणि गर्दीच्या आकड्याकडे पाहतो. माणसाच्या जन्माकडे नाही. देवळाच्या दारात थांबविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती येतो, त्यांनी ही रेषा कधी विसरू नये.

दुर्घटनांनी दिलेले धडे

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली कुलाबा जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे एका सकाळीत उघडी पडली. भर पावसाळा, अमावास्येचे उधाण आणि दाटीवाटीने भरलेली बोट, हे तीन धोके त्या दिवशी एकत्र आले होते.

डोंगरावरच्या क्षेत्रांनाही हे चुकलेले नाही. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, वाईजवळील मांढरदेवीच्या चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या जवळपास भाविक मृत्युमुखी पडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या दुकानांनी वाट आवळली होती, आणि पुढे आग लागून गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून दूर असावी आणि परतीची वाट निराळी असावी, इतक्या साध्या गोष्टींवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता. समुद्र वरवर शांत होता. पाण्याखालच्या ओढीची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती कल्पना असणारा गावकरी त्या क्षणी त्यांच्याजवळ नव्हता. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली, रस्ते सुधारले, खाडीवर गाड्या वाहून नेणारी फेरीबोट बागमांडला ते वेसवी अशी चालू झाली. त्यामुळे समुद्र न पाहिलेला माणूस चार-पाच तासांत समुद्राच्या लाटेपाशी येऊन पोहोचतो. पूर्वी होडीतून येणाऱ्या यात्रेकरूला नावाडी वाटेतच चार गोष्टी सांगत असे. आता ती चार शब्दांची ओळख करून देण्याचे काम गावावर आले आहे.

२०२० : दार बंद आणि वारा बाहेर

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला आणि राज्यातील देवळे दर्शनासाठी बंद झाली. पंढरीची वारीही पायी निघाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी यात्रेकरूंविना पार पडली. कोकणातील गावांची परीक्षा याहून नाजूक होती. वेशीवर उभी असलेली माणसे परकी नव्हती. मुंबईत काम बंद पडलेले, दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेले आपलेच भाऊ आणि पुतणे होते. ज्यांच्या मनिऑर्डरीवर घरे उभी राहिली, ज्यांच्या वर्गणीवर देवळांचे कळस चढले, त्यांनाच शाळेच्या इमारतीत अलग राहा असे सांगण्याची वेळ आली. काही ठिकाणी त्यावरून वाद झाले, मने दुखावली. कित्येक ठिकाणी मात्र गावाने शाळेत पाणी, अंथरूण आणि दोन वेळचे जेवण पोहोचविले, आणि कटुता आली नाही. त्या वर्षी गणेशोत्सवासाठी येणाऱ्यांना दहा दिवसांचे विलगीकरण ठरविण्यात आले. थांबविलेल्याची सोय पाहणाऱ्या गावाचा नियम पाळला गेला, हा अनुभव प्लेगच्या काळातील धड्याशी तंतोतंत जुळतो.

अशातच ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ नेमके श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. सुपारीच्या आणि नारळाच्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, छपरे उडाली, वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. एकीकडे साथ सांगत होती की माणसांनी एकत्र येऊ नये; दुसरीकडे वादळ सांगत होते की कच्ची घरे सोडून पक्क्या इमारतीत एकत्र या. हजारो लोकांना सुरक्षित जागी हलविण्यात आले. दोन संकटांत जवळचे कोणते आणि दूरचे कोणते हे ओळखून, आधी जीव वाचवावा आणि मग अंतर राखावे, असा निवाडा त्या दिवशी किनाऱ्याने केला. शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. दुसऱ्या लाटेत २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद करावी लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. मधल्या काळात नारळ-फुलांचे दुकान, घरगुती खानावळ, चार खोल्यांचे भाविकांसाठीचे घर, रिक्षा, होडी यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे हाल झाले. दार बंद ठेवण्याची किंमत सर्वांत आधी गरिबाच्या चुलीवर पडते, हेही विसरता येणार नाही. म्हणून दार बंद करण्याचा निर्णय जितका गंभीरपणे घ्यावा, तितक्याच गंभीरपणे ते लवकरात लवकर आणि सुरक्षितपणे कसे उघडेल याचाही विचार त्याच दिवशी सुरू करावा.

जीर्णोद्धाराच्या प्रसंगी

या साऱ्या इतिहासातून किनाऱ्यावरील देवस्थानाने घ्यावयाचा बोध फार अवघड नाही, आणि खर्चाचाही नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. विहिरीला कठडा, भोवती पक्का ओटा, सांडपाण्याला वाट, आणि यात्रेपूर्वी टीसीएल पावडर टाकून शुद्धीकरण. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून पावसाचे पाणी जसे झिरपते तसे शोषखड्ड्यातील पाणीही झिरपते. म्हणून शौचकूप आणि विहीर यांत पुरेसे अंतर असावे, आणि शौचकूप उताराच्या खालच्या अंगास असावा. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी खारटतात, तेव्हा यात्रेसाठी पिण्याचे पाणी वेगळे साठवावे.

दुसरी गोष्ट समुद्राची. प्रदक्षिणेच्या वा स्नानाच्या वाटेवर रोज सकाळी खडूने लिहिलेला एक फळा असावा: आजची तिथी, भरती अमुक वाजता, ओहोटी अमुक वाजता, वाट अमुक वेळेपर्यंत खुली. रंगविलेल्या कायमच्या पाटीकडे माणूस बघत नाही. ताज्या खडूच्या अक्षरांकडे बघतो. भरती चढू लागली की घंटा द्यावी आणि वाटेच्या तोंडाशी साखळी ओढावी. उत्सवात तेथे समुद्र ओळखणारा कोळी वा खारवी तरुण मानधनावर उभा करावा, हाताशी दोर आणि हवेची नळी असावी. जून ते सप्टेंबर या काळात खडकावरची वाट बंदच ठेवणे इष्ट. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीच बंद असते आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्याखेरीज कोळी समुद्रात होडी लोटत नाही. मग यात्रेकरूने तरी घाई का करावी? ज्यांना प्रदक्षिणा घडत नाही त्यांच्यासाठी देवळाभोवतीची प्रदक्षिणा आहेच. खडकावर न उतरता केलेल्या नमस्काराने पुण्य उणे होत नाही, हे पुजाऱ्याने सांगितले तर भाविक ऐकतो. पोलिसाने सांगितले तर वाद घालतो.

तिसरी गोष्ट वाटेची. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी, पायऱ्यांवर नारळ फोडण्यास मनाई, दुकाने वाटेपासून मागे, आणि रुग्णवाहिका देवळापर्यंत येईल इतका रस्ता सदैव मोकळा. वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी एक उतार आणि एक कठडा. दर्शन सर्वांना घडावे ही इच्छा असेल तर ज्याला पायरी चढत नाही त्याची आठवण बांधकामाच्या आधी झाली पाहिजे.

कळसाला दिलेल्या देणगीचे नाव दगडावर कोरले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु विहिरीचा कठडा, दोराचे वेटोळे, खडूचा फळा यांसाठी दिलेल्या रुपयाचे नाव कोठेच दिसत नाही. ज्या वर्षी गावात काहीच वाईट घडले नाही, त्या वर्षी तो रुपया कामी आला असे समजावे. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही आणि न झालेल्या साथीचा स्तंभ उभारीत नाहीत. तरीही गावाच्या खऱ्या वैभवाची तीच खूण होय.

काळभैरवाला विचारून आत जावे आणि त्याला सांगून परतावे, ही रीत शतकानुशतके चालत आली आहे. या रीतीतला अर्धा भाग देवाने सांभाळला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो आत घेतोच. उरलेला अर्धा, म्हणजे आलेला प्रत्येक जण सांगून परत जाईल, धडधाकट पायांनी आणि भरल्या मनाने जाईल, हे पाहणे ग्रामस्थ, विश्वस्त आणि दाते यांच्यावर सोपविलेले कार्य आहे. ते कार्य या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने सर्व किनाऱ्यावर नेटाने घडो, समुद्र आपल्या मर्यादेत राहो, आणि श्रींच्या दारी आलेल्या प्रत्येकाच्या घरी त्या रात्री दिवा लागो, हीच श्रीचरणी प्रार्थना.